घरांतील सनमायका आणि ऋतूंचा मारा

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोंकाकडे, दापोली तालुक्यांत, भारजा नदी जेथें समुद्रास मिळते तेथें केळशी हें गांव आहे. महालक्ष्मीचें देऊळ, नारळी-पोफळीच्या वाड्या, चिऱ्याचीं घरें आणि त्यांच्या पलीकडे समुद्र, असें त्याचें रूप. कोंकणांतल्या अशा गांवांत पुष्कळ घरांचीं दारें वर्षांतून दोनदांच पुरतीं उघडतात : एकदां मे महिन्याच्या सुटींत, आणि दुसऱ्यांदां गणपतीच्या आधीं दोन-चार दिवस. मधल्या काळांत घर कुलुपांत असतें आणि बाहेर पाऊस कोसळत असतो.

श्रावण सरतां सरतां मुंबईहून आलेला चाकरमानी कुलूप काढतो, खिडक्या उघडतो, आणि स्वयंपाकघरांत पाऊल टाकतांच त्याची नजर ओट्याखालच्या कपाटांकडे जाते. मोठ्या हौसेनें, नव्या नक्षीची सनमायका लावून करून घेतलेलीं तीं कपाटें. एका दाराची सनमायका कडेला सुटून ओठासारखी उघडलेली असते. दुसरें दार वांकून चौकटींत बसेनासें झालेलें असतें. तिसऱ्यावर मधोमध फुगा आलेला असतो. यजमान म्हणतो, माल हलका निघाला. सुतार म्हणतो, शेगडीची धग लागली. शेजारचे आजोबा म्हणतात, समुद्राची हवा. तिच्यापुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं. या तिघांपैकीं खरें कोणाचें?

हा प्रश्न रिकामपणाचा वाद म्हणून सोडून देण्याजोगा नाहीं. स्वयंपाकघराचीं कपाटें करावयाचीं म्हणजे मध्यम स्थितींतल्या कुटुंबाची कित्येक महिन्यांची बचत खर्चीं पडते, आणि गांवच्या सुताराचा पुढील हंगाम त्याच्या मागल्या कामावरच ठरतो. दोष चुकीच्या ठिकाणीं शोधला तर यजमान अधिक महाग सनमायका आणतो, सुतार तीच चूक पुन्हां करतो, आणि पुढल्या गणपतींत तोच वाद नव्यानें सुरू होतो. म्हणून या तक्त्यावर उष्णतेचा आणि थंडीचा खरोखर काय परिणाम होतो हें एकदां नीट पाहिलें पाहिजे.

सनमायका हें मुळांत एका व्यापारी मालाचें नांव. तें पुढें इतकें रूढ झालें कीं, त्या जातीच्या कोणत्याहि तक्त्यास महाराष्ट्रांत लोक सनमायकाच म्हणतात. मायका म्हणजे अभ्रक. परंतु या तक्त्यांत अभ्रकाचा कणहि नसतो. मग अभ्रकाचें नांव या धंद्यांत कसें आलें? १९०९ सालीं लिओ बेकलंड या रसायनशास्त्रज्ञानें फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइड या दोन द्रव्यांपासून तयार केलेली कृत्रिम राळ जगापुढें ठेवली. तीच बेकेलाइट या नांवानें प्रसिद्ध झाली. १९१३ सालीं हर्बर्ट फेबर आणि डॅनियल ओ'कॉनर या दोघां अमेरिकन अभियंत्यांनीं अशा राळेंत भिजविलेल्या थरांपासून विजेच्या यंत्रांसाठीं विद्युद्रोधक वस्तु करण्याचा कारखाना काढला. तें काम त्या वेळीं अभ्रकाकडून घेत असत. अभ्रकाऐवजीं वापरावयाचा पदार्थ म्हणून त्यास फॉर्मायका असें नांव पडलें. म्हणजे आज कपाटावर शोभा आणणारा हा तक्ता जन्मास आला तो शोभेसाठीं नव्हे, तर यंत्रांतील उष्णता आणि विजेचा दाब सोसण्यासाठीं. पुढें मेलामाइन नांवाची रंगहीन, कठीण राळ हातीं आली, तेव्हां छापील कागदावरील रंग आणि नक्षी तिच्यांतून स्वच्छ दिसूं लागली, आणि हा पदार्थ कारखान्यांतून दिवाणखान्यांत आला.

त्याची घडण अशी. तळाला जाड तपकिरी कागदाचे अनेक थर; ते फिनॉलच्या राळेंत मुरविलेले. त्यांवर नक्षी छापलेला एक कागद; तो मेलामाइनच्या राळेंत भिजविलेला. घर्षण फार होईल अशा मालांत त्याहिवर एक पातळ पारदर्शक कागद. ही चळत पोलादी पाट्यांमध्यें घालून तिच्यावर दर चौरस सेंटिमीटरास ५० किलोग्रॅमांहून अधिक दाब आणि निदान १२० अंश सेल्सिअस उष्णता देतात. राळ वितळून कागदाच्या धाग्याधाग्यांत शिरते आणि तेथेंच कायमची घट्ट होते. बाहेर येतो तो सुमारें एक मिलिमीटर जाडीचा एकजीव तक्ता. तो दिसतो दगडासारखा; पण त्याच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग कागदच असतो. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व रहस्य तिच्यांतच आहे.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. शोभेच्या लेपाला उष्णतेचें भय असतें हें कोंकणास नवें नाहीं. सावंतवाडीच्या चिताऱ्यांनीं रंगविलेले पाट, चौरंग आणि खेळणीं घरोघरीं माहीत आहेत. आपल्याकडील लाखकामांत कातारी फिरत्या लांकडावर लाखेची कांडी दाबतो. घर्षणाच्या उष्णतेनें लाख पातळ होऊन लांकडावर पसरते आणि निवतांच चकाकते. पण जी लाख एकदां उष्णतेनें मऊ झाली ती दुसऱ्यांदांहि होते. ७०-८० अंशांच्या आसपास ती आपली पकड सोडूं लागते. म्हणून लाखेच्या चौरंगावर आधणाचें भांडें कोणी शहाणी गृहिणी ठेवीत नाहीं.

सनमायकेंतील राळेची जात निराळी. मेण आणि मडकें यांत जो भेद, तोच या दोहोंत. मेण कितीहि वेळां वितळवावें आणि थिजवावें. परंतु आव्यांत भाजून निघालेलें मडकें पुन्हां चिखल होत नाहीं. कारखान्यांतील दाबाखालीं राळेच्या अणुरेणूंची जी जाळी बांधली जाते ती पुढें उष्णतेनें सुटत नाहीं. अति उष्णता दिली तर ती करपते, तडकते. पण वितळत नाहीं.

या गुणाची परीक्षा ठरलेली आहे. शोभेच्या तक्त्यांसाठीं भारतीय मानक २०४६ आहे. अशा मानकांत तक्त्याचा तुकडा उकळत्या पाण्यांत दोन तास ठेवून त्याचें वजन आणि जाडी किती वाढली हें मोजतात. तसेंच तापविलेलें भांडें पृष्ठभागावर वीस मिनिटें ठेवून डाग, फुगा किंवा तडा पडतो कीं काय हें पाहतात. ही कोरड्या उष्णतेची कसोटी फार दिवस १८० अंशांवर घेत असत. युरोपांत अलीकडे ती १६० अंशांवर घेतात. आतां स्वयंपाकघरांतील आंकडे पाहावे. उकळतें आधण १०० अंश. प्रेशर कुकरच्या आंतील वाफ सुमारें १२० अंश. वडे तळण्याचें तेल १८० अंशांच्या आसपास. आणि भाकरीचा लोखंडी तवा दोनशेंच्याहि पुढें. यावरून उघड होतें कीं, चहाचें पातेलें किंवा मोदकपात्र क्षणभर सनमायकेच्या मेजावर टेकलें म्हणून तक्ता बिघडत नाहीं. तळणीची कढई धोक्याच्या सीमेवर असते, आणि चुलीवरून उतरलेला तवा ती सीमा ओलांडतो. तव्याखालीं तक्त्यांत मुरलेल्या ओलाव्याची एकाएकीं वाफ होते, तिला बाहेर वाट मिळत नाहीं, आणि ती थर उचलून फुगा आणते. असा फुगा पुन्हां कधीं बसत नाहीं.

पण तक्ता टिकला म्हणजे काम टिकलें असें नव्हे. तक्ता एक मिलिमीटरचा. त्याच्या खालीं आहे तो चिकटवण्याचा लेप. सुतारकामांत सर्रास वापरला जाणारा पांढरा गोंद हा मडक्याच्या जातीचा नसून मेणाच्या जातीचा आहे. तापल्यावर तो मऊ पडतो, आणि सततचा ओलावा लागला तर त्याची शक्ति आणखी घटते. वरचा तक्ता १६० अंश सोसतो, पण खालचा लेप त्याच्या निम्म्या उष्णतेंतच ढिला होऊं लागतो. म्हणूनच सुमारें ६५ अंशांहून अधिक धग जेथें सतत लागते, म्हणजे भट्टीच्या किंवा मोठ्या शेगडीच्या अगदीं लगत, तेथें हा तक्ता बसवूं नये, असा इशारा या मालाचे उत्पादकच देतात. तेव्हां सुताराच्या म्हणण्यांत कांहीं अर्थ आहे. परंतु त्याचा युक्तिवाद शेगडीजवळच्या दारापुरताच चालतो. पलीकडच्या भिंतीशीं असलेलें, धग कधीं न पाहिलेलें दार कां वांकलें याचें उत्तर त्यांत नाहीं.

आतां थंडीकडे वळूं. केळशीच्या किनाऱ्यावर समुद्राच्या सान्निध्यामुळें हिवाळा सौम्य असतो. घाटाच्या बाजूस चढलें कीं दापोलीस गारठा अधिक लागतो, तरी पाणी गोठण्याची वेळ तेथेंहि येत नाहीं. अशी थंडी सनमायकेस काहींच करीत नाहीं. गारठ्यांत तक्ता थोडा ठिसूळ होतो, एवढेंच. कापतांना कड उडूं नये म्हणून सुतारानें करवत जपून चालवावी. मग थंड प्रदेशांतील घरांत सांधे उघडल्याचीं आणि तडे गेल्याचीं उदाहरणें कां दिसतात? अमेरिकेंत किंवा कॅनडांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव नवा नाहीं. तेथें हिवाळ्यांत बाहेरची गोठलेली हवा आंत घेऊन तापवितात. थंड हवेंत मुळांतच पाण्याची वाफ अत्यल्प. तीच हवा तापविली म्हणजे ती विलक्षण कोरडी होते. ओठ फुटतात, लांकडी जमिनींत फटी पडतात, आणि सनमायकाहि आंतला ओलावा गमावून आकसते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हां तेथील कोरडी हवा नेमका हाच परिणाम घडवून आणते. एकीकडे बर्फ, दुसरीकडे वैशाखवणवा. पण तक्त्याच्या दृष्टीनें दोन्हीहि एकच.

येथें मुख्य सूत्र हातीं येतें. घरांतील सामान्य उष्णता आणि थंडी स्वतः या तक्त्याचें फारसें कांहीं बिघडवीत नाहींत. त्यांच्याबरोबर हवेंतील ओलावा वाढतो किंवा घटतो, आणि तक्त्याला पेलावें लागतें तें हें. तक्ता दगडासारखा दिसला तरी पोटांत कागद आहे. आणि कागद ओली हवा पितो व फुगतो, कोरड्या हवेंत सुकतो व आकसतो. प्रयोगशाळेंत एकदां ७० अंशांच्या कोरड्या उष्णतेंत आणि एकदां ४० अंशांच्या अत्यंत दमट हवेंत ठेवून ही हालचाल मोजतात. टोंकाच्या अशा फरकांत पातळ तक्ता लांबींत एका मीटरास सुमारें पांच मिलिमीटर, आणि रुंदींत जवळजवळ त्याच्या दुप्पट हलूं शकतो. रुंदींत अधिक कां? कागद तयार होतांना त्याचे तंतु बहुतांशीं एका दिशेस लागतात, आणि तंतु लांबीपेक्षां जाडींत अधिक फुगतो. घरांतील फेरबदल याहून पुष्कळ कमी असतात. पण ते वर्षानुवर्षें चालूं असतात.

आतां पुन्हां केळशीच्या बंद घरांत जाऊं. या किनाऱ्यावर चार महिन्यांत अडीच हजार मिलिमीटरांच्याहि वर पाऊस पडतो. आषाढ-श्रावणांत हवेंतील आर्द्रता शेंकडा ८५ च्या आसपास रेंगाळते. घर बंद, वारा नाहीं, चूल नाहीं. मे महिन्यांतल्या उन्हांत केलेलें दार या ओल्या हवेंत उभें राहतें. त्याच्या पुढच्या अंगास सनमायका आहे. मागच्या अंगास बहुधा नुसता रंगाचा हात, किंवा तोहि नाहीं. पुढून ओलावा हळूहळू शिरतो, मागून भराभर. वहीच्या एका पानाच्या एकाच बाजूस ओलें फडकें फिरवून पाहावें : पान तत्काळ कोरड्या बाजूकडे वळतें. दाराचें तेंच होतें. मागची बाजू फुगते, पुढची तितकी फुगत नाहीं, आणि दोन बाजूंतला केसभर फरक दाराच्या कडेशीं डोळ्यांत भरेल एवढा बांक होऊन दिसतो. तक्ता आणि फळी यांची ओढाताण चालूं असतां मधला गोंद ओलाव्यानें आधींच मऊ झालेला असतो. जेथें पकड सर्वांत दुबळी, म्हणजे कडेला, तेथें तो प्रथम हार खातो. हाच तो उघडलेला ओठ. आणि जेथें गोंद लावतांना हात नीट फिरला नाहीं, तेथें मधोमध फुगा येतो.

फळीच्या जातीचाहि यांत मोठा वांटा आहे. भुशाची दाबून केलेली पार्टिकल बोर्डची फळी स्वस्त आणि सपाट असते. परंतु तिच्या उघड्या कडेंतून पाणी शिरलें कीं ती भाकरीसारखी फुगते, आणि सुकल्यावरहि पूर्ववत् होत नाहीं. ३ जून २०२० रोजीं निसर्ग चक्रीवादळानें दापोली आणि मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यास झोडपलें, घरांचीं छपरें उडालीं आणि लगोलग पावसाळा सुरू झाला. अशा प्रसंगीं पाणी कपाटांवर थेट कोसळतें. दोन तास उकळत्या पाण्यांत टिकणारा तक्ता तेवढ्यानें मरत नाहीं; पुसून घेतला तर त्याची नक्षी पूर्ववत् दिसते. मरते ती त्याच्या पाठीमागची भुशाची फळी. उकळत्या पाण्यास टिकणारें प्लायवुड अशा किनाऱ्यावर महाग वाटलें तरी परवडतें. भारतीय मानक ७१० चें प्लायवुड ७२ तास उकळून पारखतात. सुतार त्याला नुसतें सातशेंदहा म्हणूनच ओळखतात.

एवढें समजलें म्हणजे उपाय आपोआप सुचतात, आणि त्यांपैकीं बहुतेकांना पैशापेक्षां विचारच अधिक लागतो. पहिला उपाय पाठीचा. दाराच्या पुढें जितक्या जाडीची सनमायका, तितक्याच जाडीची, मग ती साधी बिननक्षीची कां असेना, मागेंहि लावावी, आणि दोन्ही तक्त्यांच्या लांबीची दिशा एकच ठेवावी. मग दोन्ही बाजू सारख्याच फुगतात, सारख्याच आकसतात, आणि दार सरळ राहतें. दुसरा उपाय कडेचा. चारहि कडा, विशेषतः जमिनीकडची आणि बिजागरीकडची, पट्टी लावून किंवा रोगणाचे दोन हात देऊन बंद कराव्या. ओलावा चोरासारखा तेथूनच शिरतो. तिसरा उपाय धीराचा. तक्ते आणि फळ्या दुकानांतून आणल्या कीं लगेच चिकटवूं नयेत. ज्या घरांत त्यांना नांदावयाचें आहे त्या घराच्या हवेंत त्यांना तीन-चार दिवस शेजारीं शेजारीं ठेवावें. पुण्याच्या कोरड्या गोदामांतून आलेला तक्ता आणि खाडीच्या कांठीं भिजट हवेंत पडून राहिलेली फळी यांचें लग्न घाईनें लावलें, तर तें पहिल्याच ऋतूंत मोडतें.

चौथा उपाय कोपऱ्याचा. मेजांत भांडें धुण्याच्या कुंडीसाठीं किंवा भिंतीवरच्या तक्त्यांत विजेच्या बटणासाठीं खिडकी कापतांना आंतले कोपरे कधींहि टोंकदार ठेवूं नयेत. आधीं गिरमिटानें चार गोल भोंकें पाडावीं आणि मग तीं करवतीनें जोडावीं. तक्ता आकसूं लागला कीं सारा ताण टोंकदार कोपऱ्यावर एकवटतो आणि तडा तेथूनच धांवतो. गोल कोपऱ्यावर तो ताण विभागला जातो. पांचवा उपाय घरधन्याचा. घर बंद करतांना कपाटांचीं दारें किंचित् उघडीं ठेवावीं, मागच्या भिंतीपासून कपाट बोटभर दूर असावें, आणि पावसाळ्यांत एखाद्या उघडिपीच्या दिवशीं शेजाऱ्यानें खिडक्या तासभर उघडाव्या, अशी व्यवस्था करावी. किल्ली शेजारीं ठेवण्याची कोंकणांतली चाल या कामीं फार उपयोगी आहे.

तव्याच्या बाबतींत मात्र नवें कांहीं सांगावयाचें नाहीं. जुन्या स्वयंपाकघरांत कोणतेंहि तापलेलें भांडें आडणीवरच उतरवीत असत, आणि ती आडणी माळ्यावर कोठेंतरी अजून पडलेली असेल. सारवलेल्या जमिनीसाठीं जी सावधगिरी होती तीच सनमायकेच्या मेजासाठींहि पुरेशी आहे.

आतां त्या तिघांचा निवाडा करावयास हरकत नाहीं. यजमानाचा माल हलका नव्हता. वरचा तक्ता बहुधा निर्दोषच होता, आणि अधिक किंमतीची नक्षी आणून दार सरळ राहिलें नसतें. सुताराची धग एका दारापुरती खरी होती. सत्याच्या सर्वांत जवळ गेले ते शेजारचे आजोबा. परंतु समुद्राच्या हवेपुढें कोणाचें कांहीं चालत नाहीं हें त्यांचें म्हणणें तेवढें खरें नाहीं. ती हवा दाराच्या दोन्ही अंगांस सारखी लागेल एवढी तजवीज केली तर तिचें काहींच चालत नाहीं. पुढल्या मे महिन्यांत नवीं दारें करण्याचें ठरलें, तर केळशीच्या यजमानानें सुतारास सनमायकेचा भाव विचारण्यापूर्वीं एक प्रश्न विचारावा : पुढें जें लावणार तें पाठीमागें लावणार कीं नाहीं? त्या प्रश्नाचें उत्तर होकारार्थीं मिळालें, तर गणपतीच्या आधीं कुलूप काढतांना त्याला कपाटांकडे धास्तीनें पाहावें लागणार नाहीं.